मापाचं क्रियापद

बेहेरेसाहेबांनी मला बसायला सांगितलं तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. मॅनेजरच्या खोलीत पत्रव्यवहार खात्याचा दुय्यम कारकून बसत नसे. मी खुर्चीच्या कडेवर टेकलो आणि वही मांडीवर उघडली.

"एक राजीनामा लिहायचाय," ते म्हणाले. "इंग्रजी नीट हवं. शेठ वाचणार आहेत."

मी पेन्सिल काढली. कोणाचा, हे आधी विचारायची आमच्याकडे पद्धत होती, कारण त्यावरून शब्द ठरायचे.

"पोतनीसांचा," ते म्हणाले.

पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्या टेबलावर काचेचा एक गोळा असे. तो त्यांनी एका गठ्ठ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला. मी वहीत 'पोतनीस' असं लिहिलं. ज्या माणसाने मला मसुदा लिहायला शिकवलं त्याचं नाव लिहिताना माझा हात नेहमीसारखाच चालला. अक्षरही चांगलं आलं. इतक्या वर्षांनी मला त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट हेच आठवतं, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमची गिरणी सोलापूरच्या एका कडेला होती. तिथे कोणाला कामावरून काढत नसत. शेठ हे दर दसऱ्याला भाषणात सांगत, आणि ते खरं होतं. जो नकोसा होई तो स्वतःहून जाई. त्याचं जाण्याचं पत्र आमच्या खात्यात तयार होई, चांगल्या इंग्रजीत, 'मी' अशी सुरुवात करून. तो माणूस येई, सही किंवा अंगठा करी आणि जाई. अशी पत्रं पोतनीस कित्येक वर्षं लिहीत होते. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला असं एक पत्र लिहायला मिळालं. रंगखात्यातल्या एका मुकादमाचं होतं. मी नुकताच बी.ए. होऊन आलेलो, पुस्तकं बरीच वाचलेली. मी त्या मुकादमाला राजीनामा 'टेंडर' करायला लावला. पोतनीसांनी चष्मा कपाळावर नेऊन माझा कागद वाचला आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली.

"मंगळवेढेकर, हे त्याला मोठं होईल. बाहीतून हात बाहेर दिसायचे नाहीत. क्रियापद माणसाच्या मापाचं घ्यायचं."

मग त्यांनी मला मापं सांगितली. कामगार 'लीव्ह' करत. कारकून 'रिझाइन' करत. खातेप्रमुख राजीनामा 'टेंडर' करत, म्हणजे तबकात घालून पुढे धरल्यासारखा. इंजिनियर लोक पदभार 'रिलिंक्विश' करत. शेठच्या नात्यातलं कोणी असलं तर ते 'विथड्रॉ' करत, जेवण आटोपून पंगतीतून उठावं तसं. 'क्विट' आम्ही वापरत नसू. त्या शब्दाचं काम बेचाळीस सालीच संपलं, असं पोतनीस म्हणत.

'रिटायर' या सगळ्यांपासून वेगळा होता. तो फक्त अठ्ठावन्न पूर्ण केलेल्यांसाठी. जो 'रिटायर' होई त्याला गिरणीची क्वार्टर आणखी एक वर्ष ठेवता येई. बाकी कोणत्याही क्रियापदाने गेलेल्याला ती महिन्याच्या आत रिकामी करावी लागे.

मला हे सगळं आवडत असे. घरी माझ्याकडे समानार्थी शब्दांचा एक जाड इंग्रजी कोश होता. रात्री जेवणानंतर मी तो वाचत बसे, लोक कादंबरी वाचतात तसा. शिपाई सिद्राम मला म्हणायचा, "तुम्ही अजून एक चांगला शब्द शोधा मंगळवेढेकर, की अजून एक माणूस घरी गेलाच म्हणून समजा." मी हसत असे.

बेहेरेसाहेब मुंबईहून नवे आले होते. पोतनीसांचं आणि त्यांचं बिनसलं ते नरसय्या कोंडाच्या पत्रावरून. नरसय्या साचेखात्यात विणकर होता. मागाच्या पट्ट्यात त्याचा हात सापडला आणि उजव्या हाताची बोटं गेली. तो दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याचं पत्र तयार करायला आमच्याकडे निरोप आला. पोतनीसांनी निरोपाचा कागद परत पाठवला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'या माणसाने मला असं काही सांगितलेलं नाही.'

इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतंच. हे बेहेऱ्यांनाही माहीत होतं, मलाही. नरसय्याचं पत्र मग बेहेऱ्यांच्या स्टेनोने टाइप केलं आणि नरसय्या गेला. तीन आठवडे काही झालं नाही. त्यानंतर बेहेऱ्यांनी मला बोलावलं ते हे असं.

"साहेब," मी म्हणालो, "'रिटायर' घातलं तर?"

"त्यांची अठ्ठावन्न झाली?"

"दीड वर्ष राहिलंय."

"मग कसं घालणार? 'रिझाइन' घाला. अलंकार नकोत." ते थोडं थांबले. "आणि एक. ती खुर्ची रिकामी ठेवायचा माझा विचार नाही. तुमचं इंग्रजी चांगलं आहे असं शेठ म्हणत होते."

मी आभार मानले की नाही ते आठवत नाही. बहुधा मानले असतील. मला कोणी काही चांगलं म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप आभार बाहेर पडतात.

त्या दुपारी मी तीन मसुदे केले. पोतनीस समोरच्याच टेबलावर बसून मद्रासच्या रंगवाल्याला पत्र लिहीत होते. त्यांनी एकदा विचारलं, सकाळपासून काय चाललंय. मी म्हणालो, एक मसुदा आहे, जमत नाहीये. ते म्हणाले, संध्याकाळी घरी घेऊन या.

आमच्या खात्यातून कोणताही कागद त्यांच्या पेन्सिलीची खूण झाल्याशिवाय बाहेर जात नसे. हा नियम त्यांनी घातला नव्हता, तो पडून गेला होता. त्यामुळे त्यांचंच पत्र तपासायला त्यांच्याकडे न्यायचं, यात मला तेव्हा काही विचित्र वाटलं नाही. उलट न नेणं विचित्र वाटलं असतं. निघताना सिद्रामने माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. त्याला सगळं कळलेलं असायचं.

"काय हो, ज्याला फाशी द्यायची त्याच्याकडूनच दोर तपासून घेणार?"

मी पाकीट काखेत धरलं आणि निघालो.

पोतनीसांची क्वार्टर ओळीत शेवटची होती. पुढे कडुनिंबाचं झाड आणि त्याखाली एक सिमेंटचा बाक. दार काकूंनी उघडलं. काकूंची नजर त्या घरात राहत असतानाच गेली होती, हळूहळू, तीन-चार वर्षांत. त्यामुळे ते घर त्यांना डोळस असतानाचं पाठ होतं. त्या स्वयंपाक करत, पाणी भरत, पाहुणा आला की दिव्याचं बटण दाबत. कुठे हात लावून चाचपडत नसत. नव्या माणसाला बराच वेळ कळतही नसे. बाहेर मात्र, गिरणीच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा, त्या एकट्या पाऊल टाकत नसत.

"दिगंबर ना? चप्पल घासत चालतोस त्यावरून ओळखलं," त्या म्हणाल्या. "ये. हे हात धुतायत."

पोतनीस आले, बसले, पेन्सिल घेतली.

"कोणाचं आहे?"

"तुमचं," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केलेला होता तो तसाच राहिला. मग त्यांनी कागद घेतले.

"असं होय," ते म्हणाले.

काकू आत गेल्या नव्हत्या. त्या दाराशी उभ्या होत्या आणि तोंड आमच्या दिशेने होतं. त्यांनी विचारलं, काय आहे. ऑफिसचं आहे, पोतनीस म्हणाले. मग मोठ्याने वाचा की, त्या म्हणाल्या, मला कुठे दिसतंय. ही त्यांची नेहमीची थट्टा होती. त्या दिवशी पोतनीसांनी खरंच मोठ्याने वाचलं, आणि प्रत्येक मसुद्यानंतर मराठीत सांगितलं.

पहिल्यात मी 'रिटायर' घातलं होतं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "बेहेरे परत करतील आणि तुमच्यावर डाफरतील. काढून टाका."

दुसऱ्यात 'रिलिंक्विश' होतं. त्या मसुद्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"वाक्य सुरेख झालंय. अगदी खाली उतरत येतं. पण माझ्याकडे पदभार कसला हो? एक टाइपरायटर आणि तुम्ही."

काकू हसल्या. मीही हसलो असेन.

तिसरा मसुदा दोन ओळींचा होता. 'रिझाइन'.

"हा बेहेऱ्यांनी सांगितलेला," ते म्हणाले. "व्याकरण बरोबर आहे. मापही बरोबर आहे."

मग त्यांनी पेन्सिल कागदाच्या कोपऱ्याशी नेली. मला वाटलं, आता ते खूण करतील. बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. त्यांनी 'रिझाइन' या शब्दावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'लीव्ह' लिहिलं. खाली, सहीच्या जागेच्या वर, त्यांनी एक ओळ घातली आणि तीही मोठ्याने मराठीत सांगितली. ती ओळ मला पाठ होती. कामगारांच्या पत्रात ती शेवटी असे. 'हा कागद मला माझ्या भाषेत वाचून दाखवण्यात आला आहे, व मी स्वखुशीने जात आहे काय असे मला विचारण्यात आले आहे.'

"साहेब, हे तर साचेखात्यातल्या माणसाचं पत्र झालं," मी म्हणालो.

"हो."

"हे तुमच्या मापाचं नाही."

"माप मी घेतलंय," ते म्हणाले. "उद्या असंच टाइप करा. एकही शब्द बदलू नका."

त्यांनी कोपऱ्यात खूण केली आणि कागद परत दिला. मला वाटलं, ते स्वतःला शिक्षा करून घेतायत. इतकी वर्षं लोकांना जे घातलं तेच स्वतः घालून जायचं, असं काहीतरी. पुस्तकांत माणसं असं करतात. मी तसं समजून कागद पाकिटात घातले.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. फाटकाची कडी त्यांनी न चुकता धरली.

"घर सोडावं लागेल का रे?"

"मला माहीत नाही, काकू."

"दुसरीकडे गेले की मी आंधळी होईन," त्या म्हणाल्या. पाणी तापलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कागद टाइप करून बेहेऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे त्यांनी स्वतः केलंय? 'लीव्ह'?" ते खुर्चीत मागे टेकले. "चला. शेवटी का होईना, पायरी ओळखली म्हणायची. आणि ही खालची ओळ काय? पोतनीसांना इंग्रजी वाचून दाखवायचं?" ते मनापासून हसले. त्यांनी कामगार अधिकारी लोखंड्यांना बोलावून त्यांनाही तो विनोद सांगितला.

लोखंडे हसले नाहीत. ते अतिशय घाबरट आणि अतिशय व्यवस्थित गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की मागच्या संपानंतर युनियनशी करार झाला, त्यात ही ओळ आली. ज्या कागदावर ती ओळ असेल तो त्यांच्यासमोर वाचावा लागतो, माणसाला प्रश्न विचारावा लागतो आणि उत्तर रजिस्टरात लिहावं लागतं. त्याशिवाय तो कागद पुरा होत नाही.

"मग विचारा की. दोन मिनिटांचं काम."

"हो, साहेब. पण वाचून दाखवायचं काम पोतनीसच करतात."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी आयुष्यात कधी चार लोकांसमोर उभा राहून बोललेलो नाही. कॉलेजात एकदा निबंध वाचायचा होता, तेव्हा ताप आल्याचं सांगून घरी राहिलो होतो. त्या दिवशी मात्र मला भीतीसुद्धा वाटली नाही. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं होतं.

लोखंड्यांची खोली अंगणाकडे उघडी होती. खिडकीशी नेहमीप्रमाणे लोक जमलेले होते, कोणी रजेसाठी, कोणी दवाखान्याच्या चिठ्ठीसाठी. पाळी बदलायची वेळ होती, त्यामुळे अंगावर कापूस घेऊन आलेले आणखी दहा-बारा जण मागे उभे होते. लोखंड्यांच्या टेबलासमोर जमिनीवर एक फरशी थोडी झिजलेली होती. विचारायचं त्या माणसाला तिथे उभं करत. पोतनीस आले आणि त्या फरशीवर उभे राहिले. त्यांना ती जागा दाखवावी लागली नाही. इतकी वर्षं ते तिच्या शेजारी उभे राहत आले होते. आता तिथे मी होतो.

बेहेरे दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांना ही गंमत बघायची होती.

मी इंग्रजी वाचलं. दोन ओळी आणि ती खालची. मग मराठीत सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं कोश वाचून लक्षात आली नव्हती. पोतनीस नेहमी मराठीत सांगत तेव्हा एकच वाक्य सांगत. इंग्रजीत 'लीव्ह' असो, 'रिझाइन' असो, काही असो. पायऱ्या सगळ्या वरच राहत. खाली हे एकच वाक्य यायचं.

"मी काम सोडत आहे," मी म्हणालो. माझा आवाज बारीक निघाला. खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "जोरात, मास्तर."

"मी काम सोडत आहे," मी पुन्हा म्हणालो. "आणि स्वखुशीने सोडत आहे."

लोखंड्यांनी रजिस्टर उघडलं. प्रश्न विचारताना ते कधीच माणसाकडे बघत नसत, रकान्याकडे बघत. लेखणी 'होय' लिहायला टेकलेली असे.

"श्रीपाद गोविंद पोतनीस, तुम्ही स्वखुशीने जात आहात काय?"

"नाही," पोतनीस म्हणाले.

लोखंड्यांच्या लेखणीने 'हो'ची काठी ओढली होती. ती तिथेच थांबली. त्यांनी वर पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. मी स्वखुशीने जात नाही."

खिडकीपाशी बोलणं थांबलं. मागे कोणीतरी तेलुगूत काय झालं म्हणून विचारलं, आणि कोणीतरी त्याला सांगितलं. मग मागचेही गप्प झाले.

"पोतनीस," बेहेरे म्हणाले, "हा पोरखेळ आहे. मसुदा तुम्हीच दुरुस्त केलाय."

"मसुदा बरोबरच आहे, साहेब. मला प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं."

"मी काय लिहू?" लोखंड्यांनी विचारलं. त्यांनी ते बेहेऱ्यांना विचारलं, पण उत्तर पोतनीसांनी दिलं.

"'नाही' लिहा. रकाना त्यासाठीच ठेवलेला असणार."

लोखंड्यांनी ती काठी खोडली आणि 'नाही' लिहिलं. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. हेही मी पाहिलं.

"मग आम्हाला तुम्हाला काढावं लागेल," बेहेरे म्हणाले.

"काढा. फक्त ते पत्र तुमच्या नावाने निघेल. आणि त्यात कारण लिहावं लागेल."

बेहेरे माझ्याकडे वळले. "मंगळवेढेकर, बडतर्फीचा मसुदा करा. आत्ता."

मी टेबलावर परत आलो, यंत्रात कागद घातला आणि तारीख टाइप केली. फायलींत नमुना शोधला. अख्ख्या कपाटात एकही नव्हता. आमच्या गिरणीने आजवर कोणाला काढलेलंच नव्हतं. कोश डोळ्यांपुढे आणला तर काढण्याचे शब्द भराभर आले, एकाहून एक. पण ते सगळे 'गिरणी' या कर्त्याला लागत होते, आणि पुढे 'कारण' आलं की वाक्य थांबत होतं. मी उठून बेहेऱ्यांकडे गेलो आणि विचारलं, साहेब, कारण काय लिहू. खरंच मला माहीत नव्हतं म्हणून विचारलं. लोक पुढे म्हणाले की मंगळवेढेकराने साहेबाला कोंडीत पकडलं. तसं काही नव्हतं. माझ्यात तेवढी हुशारी नाही.

बेहेरे खिडकीतून बाहेर बघत होते. ते म्हणाले, उद्या सांगतो.

ते उद्या आलं नाही. कारण लिहायचं तर नरसय्याचं नाव लिहावं लागलं असतं, आणि शेठचं दसऱ्याचं भाषण जवळ आलं होतं. पोतनीस दुसऱ्या दिवशी वेळेवर आले आणि खुर्चीवर बसले. त्यांच्याकडे काम जायचं बंद झालं. ते दीड वर्ष त्या रिकाम्या टेबलावर बसले, पेन्सिलींना टोकं काढत आणि माझ्या मसुद्यांवर खुणा करत. ते काम कोणी त्यांना दिलेलं नव्हतं, आणि कोणी थांबवलंही नाही. अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा त्यांनी स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं, 'रिटायर' घालून, आणि कोपऱ्यात खूण केली. क्वार्टर त्यांच्याकडे राहिली, आणि ते वर्ष सरायच्या आत काकू त्याच घरात वारल्या. पुढचं मला सांगायचं नाही.

त्या खोलीत आणखीही काही झालं. पुढच्या महिन्यात वाइंडिंग खात्यातल्या, सूत गुंडाळणाऱ्या एका बाईने फरशीवर उभं राहून 'नाही' म्हटलं. मग आणखी एकाने. त्यानंतर अशी पत्रं करायचे निरोपच कमी झाले. बेहेरे वर्षाच्या आत मुंबईला परत गेले. त्यांनी राजीनामा 'टेंडर' केला. मसुदा मी केला होता. मी पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. गिरणी सोडताना माझ्या स्वतःच्या पत्रात मी कोणतं क्रियापद घातलं, ते मला आज कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पोतनीस आणि मी गिरणीच्या फाटकातून एकत्र बाहेर पडलो. नेहमी एखादा तरी माणूस त्यांना नमस्कार करी, त्या दिवशी लोक नुसतेच बाजूला होत होते. आम्ही क्वार्टरच्या ओळीपर्यंत चालत आलो. बाकाजवळ आल्यावर ते थांबले.

"नरसय्यालाही हाच प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "त्याचं पत्र मी लिहिलं नाही, पण वाचून दाखवायला मीच होतो. ते माझं काम होतं. लोखंड्यांनी विचारलं तेव्हा तो त्यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. इतकं इंग्रजी येणारा माणूस शेजारी उभा आहे, तो काहीतरी सांगेल, असं त्याला वाटलं असणार. मी काही सांगितलं नाही. मग तो 'हो' म्हणाला."

त्यांनी बाकावर पडलेली कडुनिंबाची पानं हाताने बाजूला केली.

"'नाही' म्हटलं तर काय होतं ते त्याला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला तरी कुठे माहीत होतं? इतक्या वर्षांत कोणी म्हटलंच नव्हतं. वरच्या कोणत्याही शब्दाने गेलो असतो तर मला कोणी विचारलंच नसतं. तो प्रश्न फक्त त्या खालच्या शब्दाबरोबर येतो."

"मग काय होतं, साहेब?"

त्यांनी विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, काहीच नव्हतं.

"काही नाही," ते म्हणाले. "काहीच होत नाही, मंगळवेढेकर. एवढंच होतं, आणि ते त्याला सांगायला हवं होतं."

ते बाकावर बसले. मला म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, घरात सांगा, मी येतो.

दार उघडंच होतं. काकूंनी माझी चप्पल ऐकली.

"विचारलं त्यांना?"

म्हणजे त्यांना आदल्या दिवसापासून कळलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ती ओळ मराठीत ऐकली होती.

"विचारलं," मी म्हणालो.

"आणि?"

"'नाही' म्हणाले."

काकूंनी माझ्यासाठी दिवा लावला, बस म्हणाल्या, आणि भिंतीला हात न लावता आत चहा टाकायला गेल्या.